गाडी मागे फिरत नाही

चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूत पाऊल ठेवलं की तिचा कारभार आपल्याकडे आला, असं मानणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मामा एसटीत कंडक्टर होते. 'होते' हे आपण म्हणायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ही बातमी मामांपर्यंत अजून पोचलेली नाही. लांज्याहून आमच्याकडे रत्नागिरीला आले की स्टँडवरून रिक्षा करतात, पण रिक्षावाल्याच्या मानेमागे तोंड नेऊन "चला, जाऊ द्या" असं स्वतः म्हणेपर्यंत तिला हलू देत नाहीत. लिफ्टमध्ये शिरले तर दाराशी उभे राहून "पुढे सरका, मागे जागा आहे" असं बजावतात, आणि आश्चर्य म्हणजे लोक निमूट सरकतात. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांच्या आधी मामांची एक फेरी होते. पानांवरून बोट फिरवत ते ओठांतल्या ओठांत मोजत जातात आणि शेवटच्या पानाशी पोचल्यावर यजमानांकडे बघून मान हलवतात. त्या खुणेआधी भात वाढण्याची हिंमत आमच्या नात्यागोत्यात अजून कुणाला झालेली नाही.

त्यांच्या उजव्या हातात पोवळ्याची एक जाडजूड अंगठी आहे. मंगळासाठी घातली, असं मामी सांगतात. पण तिचं खरं काम निराळं. एसटीत कंडक्टरने घंटी एकदा वाजवली की गाडी थांबते आणि दोनदा वाजवली की सुटते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मामांचा घंटीच्या दोरीपेक्षा अंगठीवर विश्वास जास्त. दाराजवळच्या पत्र्यावर अंगठीचे दोन ठोके पडले की ड्रायव्हर गिअर टाकायचा. ही त्यांची डबल बेल. मुंबईला आम्ही अमेरिकेच्या विमानात बसलो तेव्हा मामांनी आधी सगळ्या रांगांवरून नजर फिरवली, मग डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यावर अंगठी दोनदा टकटकवली, आणि योगायोग असा की त्याच क्षणी विमान हललं. मामांनी शेजारच्या हवाईसुंदरीकडे, एका खात्यातल्या माणसाने दुसऱ्याकडे बघावं तसं बघितलं. ती बिचारी हसली. पुढे सबंध प्रवासात मामा तिला "तुमची ड्यूटी कुठपर्यंत?" असं मराठीत विचारत होते.

पण मामा खरे प्रसिद्ध होते ते एका नियमासाठी. त्यांची गाडी एकदा सुटली की मागे फिरत नसे. चहाच्या थांब्यावर ते दोन हाका मारत, मोजत, आणि निघत. हाकेला न आलेला माणूस मागाहून धावत येवो की सायकलवरून येवो. एकदा लग्नाच्या वऱ्हाडाने ठरवलेली गाडी पालीच्या पुढे चहाला थांबली. नवरदेव फेटा नीट करायला हॉटेलातल्या आरशापुढे उभा राहिला आणि तिथेच रमला. मामांनी रीतसर दोन हाका मारल्या आणि डबल बेल दिली. बरंच पुढे गेल्यावर मुलीकडच्यांचा विषय निघाला, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की नवरा नाही. वरबापाने हात जोडले, मुहूर्ताची आठवण दिली. मामा म्हणाले, "मुहूर्त तुमचा हाय, वेळ गाडीची हाय. गाडी मागं फिरत नाय." नवरदेव शेवटी मासळीच्या टेम्पोतून मांडवात उतरला. त्याच्या फेट्याला बांगड्यांचा वास येत होता, असं अजून लांज्यात सांगतात. संसार मात्र चांगला झाला त्यांचा, हे मामा न विसरता जोडतात.

मामींबद्दल इतकं सांगण्यासारखं कुणाकडेच नसतं. मामींचा आवाज घरात ऐकू येतो तो भांड्यांच्या आवाजातूनच. त्यांच्याजवळ एक खादीची पिशवी असते. तिच्यात ओवा, फणसपोळीचा डबा, एक पंचा, एक शाल आणि आवळासुपारीची डबी, एवढा ऐवज कायम. मामा बोलता बोलता, मान न वळवता, डावा हात बाजूला पसरतात. त्या तळहातावर आवळासुपारी येऊन पडते. हा हात त्यांनी कधी खाली बघून पसरला नाही, आणि तो रिकामा परत गेलेला मी तरी कधी पाहिला नव्हता.

तर मामांचा मुलगा टेक्सासात नोकरीला आहे. त्याने आईवडिलांना बोलावलं, आणि एवढ्या लांबच्या प्रवासाला सोबत हवी म्हणून त्यांच्या भाचीला आणि जावयाला, म्हणजे आम्हा उभयतांनाही. तिथून सगळ्यांनी काही दिवस मेक्सिकोच्या समुद्रकिनारी जायचं ठरलं. किनाऱ्यावर पोचल्यावर मामांनी समुद्राकडे एकदा पाहून "आपल्या भाट्याच्या किनाऱ्यासारखाच हाय" असा निकाल दिला आणि पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी माया लोकांचं जुनं शहर बघायला गाईडबरोबर दिवसभराची सहल होती. नेमका मामांच्या नातीला ताप भरला. मुलगा आणि सून हॉटेलवर राहिले आणि आम्ही चौघं निघालो. निघताना मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादांना जरा सांभाळा. बस त्यांच्या हातात जाऊ देऊ नका." मी मान डोलावली. बस मामांच्या हातात जायला पहिला थांबाही लागला नाही.

गाईडचं नाव मिगेल. पन्नाशीतला, ठेंगणा, हसरा माणूस; स्वतः त्याच भागातल्या माया घराण्यातला. तो इंग्रजीत सांगे, मी मराठीत मामा-मामींना सांगे. बस छोटी होती. आम्ही चौघं धरून वीस पाहुणे. बाकीचे बहुतेक अमेरिकन, वयस्क, पांढऱ्या टोप्या घातलेले. मामींना मामांनी ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट दिली आणि स्वतः दाराशी उभे राहिले. मिगेलने बसायची विनंती केली. मामा म्हणाले, "फाटा गेला की बसतो." कुठला फाटा हे विचारण्याएवढं मिगेलला मराठी येत नव्हतं.

पहिला थांबा एका विहिरीचा होता. विहीर म्हणजे जमिनीला पडलेलं भलंमोठं भगदाड, कडेने झाडांची मुळं लोंबताहेत आणि खोल तळाशी निळंशार पाणी. सगळे परत आले तेव्हा मिगेलने बोट नाचवत माणसं मोजली आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं. मामा दारात आडवे. "एक कमी हाय," ते मला म्हणाले. मिगेलने पुन्हा मोजलं, आणि खरोखरच एक आजोबा विहिरीच्या पायऱ्यांवर बसल्या बसल्या झोपलेले सापडले. मिगेलने मामांना चक्क सलाम ठोकला. मामांनी दारावर अंगठी दोनदा वाजवली. ड्रायव्हर मेक्सिकन, म्हातारा, त्याने आजवर कोकण ऐकलंही नसेल. पण त्याने काही न विचारता गाडी काढली. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा जावईबापू, डबल बेल शिकवाय लागत नाय." तेव्हापासून मोजणी मिगेलने सोडूनच दिली. तो फक्त मामांच्या अंगठ्याकडे बघायचा. अंगठा वर झाला की आपल्या खुर्चीत टेकायचा.

माया लोकांचं ते शहर मात्र खरंच बघण्यासारखं आहे. मोकळ्या मैदानात मधोमध पायऱ्यापायऱ्यांचं उंच देऊळ, चारी बाजूंनी सारखंच. मामांनी आधी कडेचा एक दगड नखाने खरवडून पाहिला आणि "जांभा नाय" अशी नोंद केली. मिगेल सांगत होता की वर्षातले ठरावीक दिवस आले की सूर्य मावळताना पायऱ्यांच्या कडेवर सावली अशी पडते, जणू साप वरून खाली उतरतोय. आणि हे सगळं त्या लोकांनी आधी हिशोब करून बांधलं. मी हे मराठीत सांगितलं. मामांनी देऊळ वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "वेळापत्रकाची माणसं." याहून मोठी पदवी मामांच्या कोशात नाही.

मग मिगेलने देवळासमोर उभं राहून टाळी वाजवली. पायऱ्यांवरून तिचा प्रतिध्वनी आला तो थेट एखाद्या पाखराने चिर्रकन ओरडावं तसा. सगळे टाळ्या वाजवू लागले. मामांनी दोन वाजवल्या आणि देऊळ हलतंय का ते जरा वाट बघून पाहिलं. पुढे चेंडूच्या खेळाचं अंगण लागलं. तिथे खेळ संपल्यावर एखाद्या खेळाडूचा बळी देत. तो हरलेल्यांतला की जिंकलेल्यांतला, यावर जाणत्यांचं अजून एकमत नाही, असं मिगेल म्हणाला. मामींनी "अगो बाय" म्हणून पदर तोंडाला लावला. तोपर्यंत दिवसभरात त्या बोलल्या ते एवढंच. शेवटी मिगेलने सांगितलं की एवढं मोठं शहर, पण हळूहळू माणसं निघून गेली आणि ओस पडलं. नेमकं कशामुळे, ते नीट सांगता येत नाही. मामांना हे पटेना. "अशी कशी गेली? कोण मागं राहिला, कोण नाय, ते बघायला कोणी नव्हता?" मिगेल हसला. बहुतेक नसावा, म्हणाला.

ऊन मी म्हणत होतं. गाड्यांच्या तळावर परतलो तेव्हा सगळे गळून गेले होते. मी आणि बायको मागच्या सीटवर जाऊन पडलो, आणि बायकोने लगेच डोळे मिटले. पुढच्या सीटच्या उंच पाठीमुळे तिथून कुणाचं डोकं दिसत नव्हतं. मामा दारात उभे राहून मोजत होते. मोजून झालं, अंगठा वर झाला, ठोके पडले, गाडी निघाली. दोन्ही बाजूंनी सलग हिरवं जंगल, मध्ये सरळ रस्ता. फाटा गेल्याची खात्री झाल्यावर मामा पहिल्या सीटशी आले आणि नजर रस्त्यावर ठेवूनच कडेला टेकले. मी डोळे मिटणार एवढ्यात दोन सीटांच्या फटीतून त्यांचा डावा हात खिडकीच्या बाजूला गेलेला दिसला.

हात पसरलेला होता आणि तसाच राहिला. मामा समोर रस्त्याकडे बघत काहीतरी बोलत होते. मग बोलणं थांबलं. हात जरा हलला, पुन्हा पसरला. आणि मग मामांनी, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, मान वळवून शेजारी बघितलं.

मी पुढे धावलो. खिडकीजवळची सीट रिकामी होती. मामा उठून उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा अगदी पांढरा पडला होता. त्यांनी पत्र्यावर अंगठी एकदाच वाजवली. गाडी थांबली. मिगेल उठला, मी त्याला सांगितलं, आणि त्याच्याही तोंडचं पाणी पळालं. मामींना इंग्रजी येत नाही, स्पॅनिश तर लांबच. त्यांचा फोन तिकडे चालत नाही म्हणून तो घरीच ठेवलेला. एवढ्या जंगलात, हजार माणसांच्या गर्दीत, आमच्या मामी सहावारी साडी आणि मुलाने घेऊन दिलेले खेळाचे बूट घालून एकट्या राहिल्या होत्या. मिगेल तिथल्या फाटकावर फोन लावत होता, पण कुणी उचलत नव्हतं. बायको मागून उठून आली आणि रडायलाच लागली.

मिगेल मला हळूच म्हणाला, गाडी वळवायला हवी, पण पाहुण्यांना संध्याकाळी समुद्रावर पोचायचंय, त्यांना आधी विचारतो. मी हे मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "ते मी विचारतो." मग ते गाडीच्या मधल्या वाटेत उभे राहिले, जिथे त्यांचा जन्म गेला तिथे, आणि त्यांनी हात जोडले. "मंडळी," ते मराठीतच म्हणाले, "माझी चूक झाली. माझं माणूस मागं राहिलं. गाडी मागं फिरवायची हाय. तुमचा खोळंबा होईल, माफी करा." मी भाषांतरासाठी तोंड उघडलं, पण त्याची गरज पडली नाही. विहिरीवर झोपलेले आजोबा सगळ्यात आधी उठले आणि त्यांनी मामांचे जोडलेले हात आपल्या हातात धरले. मागून दोन-चार आवाज आले, "गो बॅक, गो बॅक." ड्रायव्हरने गाडी वळवायला सुरुवातही केली होती.

परतीच्या वाटेवर मामा दारातच उभे होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. तेव्हा ते म्हणाले, "मोजणी बरोबर होती, जावईबापू. अठरा पॅसेंजर. अठराच्या अठरा आले होते."

"मामा, आपण वीस आहोत."

"स्टाफ मोजत नाय," मामा म्हणाले. "कंडक्टर आपल्याला मोजत नाय." आणि पुढे, "लगीन झाल्यावर चिपळूणहून तिला माझ्याच गाडीतून आणली. तिकीट फाडलं रीतसर, पण बसवली माझ्या सीटवर. तेव्हापास्नं ती स्टाफमधेच. कधी मोजायचं मनातच आलं नाय." मग त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. मला त्या क्षणी मामांची इतकी कीव आली आणि इतका राग आला, की दोन्ही गिळून मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

तळाच्या फाटकात शिरलो तर आत गोंधळ. एक लांबलचक लाल बस आडवी थांबलेली, तिच्या मागे आणखी दोन, सगळ्यांचे भोंगे चालू. लाल बसचा ड्रायव्हर खाली उतरून हातवारे करत होता आणि एक पहारेकरी डोकं खाजवत उभा होता. मामा गाडी थांबायच्या आधीच उतरले. मागोमाग मी. आमची बस सकाळपासून जिथे उभी होती त्या रिकाम्या जागेच्या मधोमध मामी मांडी घालून बसल्या होत्या. जागेच्या एका कोपऱ्यावर त्यांचा पंचा अंथरलेला होता, दुसऱ्यावर शाल, तिसऱ्यावर फणसपोळीचा डबा आणि चौथ्यावर पिशवी. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी मामींनी अख्ख्या बसची जागा धरली होती, आणि रुमाल टाकलेली जागा कुणी घेत नाही या आपल्या कायद्यावर विसंबून त्या निर्धास्त होत्या. माझा जीव भांड्यात पडला. इतका पडला की मी तिथेच त्या लाल बसच्या ड्रायव्हरला मिठी मारली, आणि तो जास्तच गोंधळला.

"हितं उन्हात कशाला बसलीस गो?" मामांनी पहिला प्रश्न हा विचारला, आणि तोही खेकसून. पण आवाज मधेच फाटला.

"बायकांच्या बाथरूमला ही रांग होती," मामी म्हणाल्या. "येऊन बघते तर गाडी नाय. म्हटलं, जागा सोडायची नाय. गाडी लागायची तर हितंच लागेल." मग त्यांनी आमच्या बसकडे बघितलं, आत बसून हात हलवणाऱ्या पांढऱ्या टोप्यांकडे बघितलं, आणि मामांकडे. "मी म्हटलं दुसऱ्या गाडीनं कोणाला तरी पाठवाल. तुम्ही गाडी मागं आणलीत?"

"आणली," मामा म्हणाले.

नवरदेवाची गोष्ट मामींनी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ऐकली होती. मग पदर सावरत उठल्या, पंचा झटकून घडी केला आणि पिशवीतून डबी काढली. मामांनी हात पसरला नव्हता. मामींनी तो स्वतः धरून त्यावर आवळासुपारी ठेवली. मिगेल लाल बसवाल्याची समजूत घालत होता, आणि बसमधले सगळे टाळ्या वाजवत होते. मामींनी आपण होऊन सगळ्यांना एकेक फणसपोळीचा तुकडा दिला. अमेरिकनांनी तो काय आहे हे न विचारता खाल्ला. गाडी सुटण्याआधी मामा मोजायला उभे राहिले. पहिल्या सीटशी गेले, मामींच्या डोक्यावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "एक."

त्यानंतर मामांची मोजणी कायम तिथूनच सुरू व्हायची. पंगत असो, रिक्षा असो, देवळातली आरती असो, आधी मामींच्या डोक्यावर हात आणि "एक". मामी लाजायच्या, "काय हे चारचौघांत" म्हणायच्या, पण डोकं बाजूला घ्यायच्या नाहीत.

आता मामींचे गुडघे गेले आहेत. लांज्याच्या घरातून त्या अंगणापलीकडे जात नाहीत. मामाच एकटे कधीमधी त्यांची औषधं न्यायला रत्नागिरीला येतात. परवा असेच आले होते, त्यांना सोडायला मी स्टँडवर गेलो. लांज्याच्या गाडीत बऱ्याच सीटा रिकाम्या होत्या, पण मामा बसले नाहीत. मधल्या वाटेत उभं राहून त्यांनी नेहमीप्रमाणे एकेका सीटच्या पाठीला बोट लावत मोजायला घेतलं. मी खिडकीखाली उभा होतो. "दोन, तीन, चार..."

"मामा," मी खालून म्हटलं, "एक राहिला."

मामांनी मोजायचं थांबवलं नाही. शेवटच्या सीटपर्यंत जाऊन परत आले, खिडकीशी वाकले आणि म्हणाले, "एक घरी हाय." मग हळूच खिडकीच्या पत्र्यावर अंगठी दोनदा वाजवली.